छाटलेला कट्टा

सौंसरच्या बिडी कारखान्यात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच बहुधा सगळे पाळत. बाईने वळून आणलेला बिड्यांचा कट्टा छाटायचा, म्हणजे खराब ठरवून मोडून टाकायचा असेल, तर चेकरने आधी त्यातली एक बिडी पेटवायची आणि झुरका घेऊन बघायचा. दिसायला वाकडी बिडी कधी शेवटपर्यंत सरळ जळते आणि नटूनथटून आलेली दोन झुरक्यांत विझते, एवढं शहाणपण त्यामागे होतं. दादाराव चेकर सव्वीस वर्षं हा नियम पाळत आला होता. एकदाच त्याने तो मोडला, आणि तो कट्टा त्याच्या बायकोचा होता.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती. त्याची बायको चंद्रकला तिगावची. ती ओसरीत पन्नास बायांच्या रांगेत मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची आणि दादाराव दाराशी टेबल टाकून सगळ्यांच्या बिड्या तपासायचा. आता नवराच चेकर म्हटल्यावर लोक गप्प बसतात होय? आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं, असं कुणीतरी पुटपुटायचं आणि दादारावला ते झोंबायचं. आपल्या इमानाची त्याला फार मिजास होती. त्यापायी बायकोचा कट्टा तो इतरांपेक्षा जास्त उलटापालटा करून बघायचा. चंद्रकला त्यावर कधी बोलली नाही.

त्या दिवशी ती अंगात ताप घेऊन वळायला बसली होती. संध्याकाळी तिने कट्टा टेबलावर ठेवला तर बिड्या वेड्यावाकड्या, कुणाचं पोट फुगलेलं, कुणाची मान बारीक. रांगेतल्या बाया बघत होत्या. दादारावने कट्टा उचलला आणि न पेटवताच दोन्ही हातांनी मोडला.

"एक पेटवून त पाहा," चंद्रकला हळूच म्हणाली.

"पाहाचं काय हाये त्यात," तो म्हणाला. "दिसूनच राह्यलं."

ती घरी गेली. चौथ्या दिवशी ताप डोक्यात चढला आणि ती गेली. तिचं सगळं उरकल्यावर दादारावने कारखान्याचा केरकचरा उपसून बघितला. मोडलेल्यातली एखादी जरी सापडली असती तरी त्याला पुरली असती. पण कचरा केव्हाच चुलीत गेला होता. तेव्हापासून त्याच्या मनात एकच प्रश्न होता, तो कट्टा खरंच खराब होता का. खराब असावा, असंच त्याला वाटे. खराब असला तर तो नुसता कठोर ठरत होता. चांगला असला तर आपण कोण ठरतो, हा विचार तो पुढे सरकूच देत नसे.

बाकी त्याच्या जिभेचं नाव पांढुर्ण्यापर्यंत होतं. एका झुरक्यात तो तंबाखू कुठल्या शिवारातली ते सांगे आणि बिडी कुणाच्या हातची तेही सांगे. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल, कुणी पान जास्त भिजवतं, सगळं त्याला धुरात कळे. चंद्रकलेची बिडी तर तो झोपेतही ओळखायचा. लहानपणी मुसळाखाली सापडून तिच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं होतं. त्याच नखाने ती बिडीचं तोंड दाबून बंद करी, म्हणून तिच्या प्रत्येक बिडीच्या तोंडावर केसाएवढी उभी रेघ उमटायची. शिवाय टेंभुर्णीची पानं ओल्या तरटात गुंडाळताना ती त्यात वाळलेली संत्र्याची साल टाकायची. पानाला कुबट वास येऊ नये म्हणून तिच्या आईने तिला ती सवय लावली होती. शेवटच्या दोन-तीन झुरक्यांत ती साल जिभेवर उतरायची. अकरा वर्षांत दुसऱ्या कुणाच्या बिडीत ती चव त्याला मिळाली नव्हती.

शहाऐंशी सालच्या मे महिन्यात कारखान्याचे मालक श्रीधरशेठ एक लाकडी पेटी घेऊन आले. शेठजींचा मेहुणा जहाजावर नोकरीला होता. त्याने परदेशातून पाच चिरूट आणले होते, क्युबा नावाच्या बेटावरचे, एकेक वितीएवढा लांब आणि अंगठ्याएवढा जाड. पेटी उघडली की लाकडाचाच गोड वास यायचा. असा माल सौंसरला वळता येईल का, हे शेठजींना जाणून घ्यायचं होतं. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना हौस फार, पण या खेपेला त्यांनी निदान जाणत्या माणसाला विचारलं.

"यात काय काय हाये ते सांगा दादाराव," ते म्हणाले. "मेव्हण्यानं लिहून देल्लं हाये कसं ओढाचं ते. धूर छातीत नाई घ्याचा, तोंडात घोळवाचा. राख झटकाची नाई. तीन हिस्से समजाचे, दोन ओढाचे अन् तिसरा फेकून द्याचा. तिसरा कडू लागते म्हणे."

परीक्षा मागच्या खोलीत व्हायची. वारा लागला की धूर खरं बोलत नाही, म्हणून दारखिडक्या बंद. दुपारचा एक वाजला होता. वीज गेलेली, पंखा थांबलेला, आणि कौलांतून उन्हाची एक तिरीप टेबलावरच्या पितळी ताटलीत पडलेली. बंद दाराच्या पलीकडे ओसरीत बाया पानं कापत होत्या. पन्नास कैच्यांची कचकच एका लयीत ऐकू येत होती. शेठजी वही घेऊन समोर बसले.

दादारावने पेटीतला मधला चिरूट उचलला. आधी बोटांत फिरवून दाबून पाहिला. कुठे पोकळ नाही, कुठे गाठ नाही. वरचं पान तेलकट, शिरा बारीक, गुंडाळी अशी की जोड सापडू नये. त्याच्या मनात त्या अनोळखी कारागिराबद्दल आदर आला. मग त्याने तोंडाकडची बाजू उन्हाच्या तिरिपेत धरली. तिथे पानाची गोल टोपी चिकटवलेली होती, आणि त्या टोपीवर केसाएवढी एक उभी रेघ होती.

त्याने चिरूट खाली ठेवला. धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. रेघ होती. मग बाकीचे चारही उचलून पाहिले. त्यांची तोंडं गुळगुळीत होती.

"काय झालं?" शेठजींनी विचारलं.

"काई नाई," दादाराव म्हणाला. "वळणाराचं नख चिरलेलं दिसते."

तो भूतखेत मानणारा माणूस नव्हता. बावीस प्रतिज्ञा त्याने उभं राहून, मोठ्याने घेतल्या होत्या आणि पाळल्याही होत्या. जगात हजारो लोक पानं वळतात, त्यातल्या एखाद्याचं नख चिरलेलं असायचंच, असं त्याने स्वतःला बजावलं. तरी कैची लावून टोपी कापताना त्याचा हात अडला. कापलेला तुकडा ताटलीत पडला आणि त्याला उगाच अपराध्यासारखं वाटलं.

न पेटवता त्याने पहिला झुरका ओढून पाहिला. हवा मोकळी येत होती. चव सुकलेल्या गवताची, किंचित गूळ. मग काडी ओढून त्याने जाळ चिरुटाला न लावता खालून लांब धरला आणि चिरूट हळूहळू फिरवत शेकला. टोकाला सारखा लाल गोल उमटला.

पहिला हिस्सा छान गेला. दादाराव सांगत होता आणि शेठजी लिहून घेत होते. भाजलेले चणे. बैलाच्या नव्या जोताच्या चामड्याचा वास. मागाहून मिरी, तीही जिभेच्या कडेला. तंबाखू दोन-तीन वर्षं दाबून मुरवलेली, म्हणून गळ्याला लागत नाही. "आपल्याकडचा जर्दा घाईत वाळते," तो म्हणाला. "याले कोणी घाई नाई केली." त्याला मनापासून मजा येऊ लागली होती. इतका चांगला माल त्याच्या जिभेवर उभ्या आयुष्यात आला नव्हता. राख पांढरी, घट्ट, बोटभर लांब झाली तरी पडली नाही.

दुसऱ्या हिस्स्यात चव बदलली. आधी सरकी आली, जिनिंगच्या दारात येते तशी. मग काळ्या मातीचा, पाटाच्या पाण्याने भिजलेल्या वाफ्याचा वास. हे त्याने सांगितलं आणि शेठजींनी लिहिलं. पुढे जे आलं ते त्याने सांगितलं नाही. ते शेणाने सारवलेल्या भिंतीचं होतं, पितळी पातेल्यातल्या कालच्या वरणाचं होतं, खोबरेल लावून घट्ट बांधलेल्या केसांचं होतं. मोहगावच्या रस्त्याला दादारावचं दोन खोल्यांचं घर होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या घरात शिरलं की हाच वास यायचा. तिच्यामागे त्या घराला कसलाच वास उरला नव्हता.

"सांगा ना," शेठजी म्हणाले.

"थांबा जरा. बदलून राह्यली चव."

त्याने चिरूट तोंडातून काढून बोटांत धरला, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं. कुणी ओढत नव्हतं, तरी निखारा उजळत होता. उजळायचा, थांबायचा, मंदावायचा. मग जरा वेळ काहीच नाही, आणि पुन्हा उजळायचा. खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. दादारावने ही लय ओळखली. चार दिवस तो तिच्या उशाशी बसून हाच श्वास मोजत होता.  शेठजी वहीत डोकं घालून बसले होते, त्यांनी काही पाहिलं नाही.

त्याने चिरूट पुन्हा ओठांत धरला. त्याशिवाय दुसरं काय करावं हे त्याला सुचेना. धूर आला तो थरथरत आला, एकदा अडला, सुटला, परत अडला. भरताना वळणाराचा हात थरथरला की असंच होतं. तंबाखू कुठे दाटते, कुठे विरळ होते. इतका वेळ हाच चिरूट पाण्यासारखा सरळ चालला होता. आणि मग, जिभेच्या अगदी मागे, संत्र्याची साल आली.

तेवढ्यात दाराबाहेरची कचकच बंद पडली. एकेक कैची नव्हे, सगळ्या एकदम.  मग दाराला लागून केसरबाईचा आवाज आला. ही ओसरीतली सगळ्यांत म्हातारी बाई, चंद्रकलेच्या शेजारी बसून वळायची.

"दादाराव," ती म्हणाली, "चंद्रकलाचे पानं कोण भिजवून राह्यलं अंदर?"

शेठजींनी मान वर केली. "कोण चंद्रकला? काय म्हणते ही?"

दादारावने चिरुटाकडे पाहिलं. आता त्याला भीती वाटत होती, आणि ती भुताची नव्हती. अकरा वर्षं जो प्रश्न त्याने दाबून ठेवला होता त्याचं उत्तर त्याच्या बोटांत जळत होतं. अजून चार बोटं चिरूट शिल्लक होता.

"झाले ना दोन हिस्से," शेठजी म्हणाले. "फेका आता. आपल्याले समजलं जे समजाचं ते."

फेकायला त्यांनी परवानगीच दिली होती. ताटलीत टेकवला असता तर चिरूट आपोआप विझला असता, आणि कट्टा खराब होता असं म्हणत दादाराव उरलेलं आयुष्य काढू शकला असता. त्याचा हात ताटलीपर्यंत गेलाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. त्या क्षणीसुद्धा त्याच्या मनाच्या एका कोपऱ्यात चेकर बसला होता आणि म्हणत होता, दिसूनच राह्यलं.

"नाई शेठजी," तो म्हणाला. "पुरा पाह्यल्याबिगर छाटता येत नाई."

तो ओढत राहिला. आता चण्याचा, चामड्याचा, मिरीचा मागमूस नव्हता. नुसतं टेंभुर्णीचं पान, साधा जर्दा आणि संत्र्याची साल. बिडी, तीही तापाच्या हाताने वळलेली. धूर अडत होता, तरी निखारा एका बाजूला पळत नव्हता. कडा बांगडीसारखी सारखी सरकत होती. राख पडली नव्हती. हात थरथरत असताना तिने किती सांभाळून भरलं असेल, कुठे जास्त झालं ते बोटाने मागे सारून पुन्हा कसं वळलं असेल, ते सगळं त्याला कळत होतं. कडूपणा कुठे आहे म्हणून तो शोधत राहिला. शेवटी तर तो कडूपणाची भीकच मागत होता. कडू काही लागलं नाही. बोटं पोळली, मग ओठ पोळला, तरी त्याने सोडलं नाही. शेवटचा झुरका पहिल्यासारखाच गोड आला.

मग चिरूट संपला. पूर्ण राख ताटलीत एका तुकड्यात आडवी पडली. दादाराव रडत होता आणि ते त्याला लपवता येत नव्हतं.

"अहो, काय झालं काय तुमाले?" शेठजी घाबरून उठले. ताटली बाजूला सारताना त्यांची नजर तिच्यात गेली आणि ते थबकले. "हे बिडीचं तोंड कुठून आलं याच्यात?"

चिरुटाच्या टोपीचा तुकडा जिथे पडला होता तिथे टेंभुर्णीच्या पानाची बारीक घडी पडली होती, दाबून बंद केलेली. अजून ओली होती. तिच्यावर उभी रेघ होती.

दादारावने ती उचलून सदऱ्याच्या खिशात घातली आणि दार उघडलं. बाहेर ओसरीत सगळ्या बाया सूप मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत होत्या. यातल्या निम्म्या तरी त्या संध्याकाळी रांगेत होत्या. तो आपल्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला, त्या दिवशी उभा होता तिथेच.

"चंद्रकलाचा कट्टा पास होता," तो म्हणाला. "म्या पेटवला नाई. चुकी माही होती."

कुणी दचकलं नाही. कुणी काय झालं म्हणून विचारलं नाही. केसरबाईने कैची सुपात ठेवली.

"आमाले मालूम हाये," ती म्हणाली. "तू मोडला ना, त त्यातली एक म्या उचलली होती. यातल्या काई जणीयनं एक एक झुरका घेतला तवाच. लय सोन्यासारखी होती रे."

 दादाराव खुर्चीवर बसला. "अकरा वर्षं झाले, केसरबाई. मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगणारच होतो. म्या दुसऱ्या दिवशी तुह्या घरी गेलो, तू दवा आणाले गेला होता. चंद्रकलाले म्हटलं, दादाराव आला की सांगतो, तुही बिडी चांगली हाये म्हणून. त ते नाई म्हणे."  बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. "म्हणे, कोणी सांगू नका. ज्या दिवशी पेटवंल त्या दिवशी समजंल त्याले. मंग दुसरं काई चाखाची गरज नाई पडणार म्हणे."

एवढं सांगून तिने कैची उचलली. हळूहळू सगळ्याच कैच्या पुन्हा चालू झाल्या.

टेबलावर सकाळचे तीन कट्टे तपासायचे पडले होते.  दादारावने पहिल्यातली एक बिडी काढली. पुष्पाच्या हातची होती, सरळ, नेटकी, छाटण्यासारखं काही नव्हतंच. तरी त्याने ती पेटवली. धूर तोंडात घोळवला आणि थांबला. चव आली नाही. त्याने दुसऱ्या कट्ट्यातली पेटवली, मग तिसऱ्यातली. कोपऱ्यातल्या माठाचं पाणी पिऊन चूळ भरली आणि पुन्हा एक झुरका घेतला.

जिभेवर फक्त संत्र्याची साल होती.